फ्रीझरची खंडेनवमी

माझं एन्झाईम मेंढ्यांच्या लेंड्यांतून आलेलं आहे, हे मी कुणापासून लपवलेलं नाही. लपवायचं म्हटलं असतं तरी बोराडे सरांनी लपवू दिलं नसतं. संस्थेत कुणी पाहुणा आला की ते माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "ही आमची तनुजा. उकिरड्यात प्रोटीन शोधते." पाहुणा हसायचा. मीही हसायचे, कारण पीएचडीच्या मार्गदर्शकाच्या विनोदाला हसणं हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो.

आमचं घर मेंढरांचं. खुलताबादच्या पलीकडे डोंगराला लागून आमची वस्ती आहे आणि माझे वडील, सोनाजी, अजूनही शंभरेक मेंढरं राखतात. मेंढरं कोंडायच्या जागेमागे लेंडीखताचा मोठा ढीग असतो. थंडीच्या दिवसांत सकाळी त्यातून वाफा निघतात. लहानपणी हात शेकायला म्हणून मी त्यात कोपरापर्यंत हात खुपसला आणि चांगला पोळून घेतला. पुढे एमएस्सीला असताना कळलं की ढीग आपोआप तापत नाही, आत जिवाणू राबत असतात आणि एवढ्या उष्णतेतही ते मजेत जगतात. मग पीएचडीला लागल्यावर मी एका बिस्किटाच्या डब्यात अर्धा किलो लेंडीखत भरलं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन वाळूजच्या प्रयोगशाळेत आणलं. शेजारी बसलेल्या बाईनं नाक मुरडून जागा बदलली, तर मला खिडकी मिळाली.

त्या डब्यातून एक जिवाणू मिळाला. त्याच्यातून एक जीन काढला. तो जीन प्रयोगशाळेतल्या पाळीव जिवाणूत घातला आणि त्या पाळीवाकडून मला हवं ते एन्झाईम हवं तेवढं करून घेतलं. याला रिकॉम्बिनंट म्हणतात. म्हणजे एकाचं कसब काढून दुसऱ्याला शिकवायचं आणि त्याला राबवून घ्यायचं. माझं एन्झाईम सिस्टीन नावाचं अमायनो आम्ल तयार करतं. केसांत, नखांत आणि लोकरीत सिस्टीन भरपूर असतं. हे मी घरी समजावून सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "म्हंजी मेंढराच्या आंगावर जे हाय, तेच तू त्याच्या लेंडीतून काडती व्हय? मंग मेंढराचा काय गुन्हा व्हता?" याचं शास्त्रीय उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

एन्झाईम म्हटलं की नाजूक प्रकरण. उणे वीस अंशांत ठेवायचं, बर्फावरूनच न्यायचं, नाहीतर मरतं. माझं मात्र साठ अंशांवर अर्धा तास ठेवलं तरी जिवंत राहायचं. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे एवढंच होतं. पहिली तीन प्रकरणं इतकी सरळसोट होती की ती लिहिताना मला स्वतःलाच डुलकी यायची. चौथं टिकलं तर माझा प्रबंध, नाहीतर तो कुणाचाही.

पण बोराडे सरांचा त्यावर विश्वास नव्हता. सर म्हणजे डॉ. इंद्रजीत बोराडे, आमच्या शिवना संशोधन केंद्राचे प्रमुख. वाळूजला, बजाजनगरच्या अलीकडे आमची ही छोटी संस्था आहे. चार खोल्या, एक गच्ची आणि सरांचा स्वभाव, एवढीच तिची मालमत्ता. सरांचं म्हणणं असं, की घरी केलेल्या एन्झाईमचं मोजमाप खात्रीच्या एन्झाईमशेजारी ठेवून झालं पाहिजे. म्हणून त्यांनी तेच काम करणारं, पण साध्या जिवाणूतलं एन्झाईम परदेशी कंपनीकडून मागवलं. सात आठवड्यांनी कोरड्या बर्फात बसून ते आलं. करंगळीच्या पेरापेक्षा लहान ट्यूब, तळाशी चार-सहा थेंब. वर इंग्रजीत छापलं होतं की फक्त संशोधनासाठी. सरांनी ती ट्यूब अशी हातात धरली की मला वाटलं आता तीर्थ म्हणून वाटतात. फ्रीझरमध्ये तिला वरचा कप्पा मिळाला. माझ्या ट्यूबा खाली, निळ्या खोक्यात.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी समितीची बैठक होती. बाहेरून हंबर्डे मॅडम येणार होत्या. या बाई कागदावरच्या आलेखाला विचारत नाहीत, डोळ्यांसमोर प्रयोग करून दाखवा म्हणतात. चौथं प्रकरण ठेवायचं की काढायचं, हे त्याच ठरवणार होत्या. दोन्ही एन्झाईमं शेजारी शेजारी चालवून दाखवायची, असं ठरलं. सगळी तयारी करून मी मंगळवारी दसऱ्यासाठी घरी गेले.

बुधवारी खंडेनवमी होती. वाळूजमध्ये खंडेनवमी म्हणजे काय असतं हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. झाडून सगळे कारखाने त्या दिवशी धुतले-पुसले जातात. लेथ, प्रेस, कन्व्हेयर, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना झेंडूचे हार. आमच्याकडे हे खातं सांडूमामांचं. सांडूमामा आमचे परिचर. काचेची भांडी धुण्यापासून विजेचा फ्यूज बदलण्यापर्यंत सगळं तेच करतात. राहायला बजाजनगरात. संस्थेत येण्याआधी त्यांनी नऊ वर्षं एका कारखान्यात लेथ चालवलेला, आणि तिथला एक नियम त्यांच्या हाडात मुरलेला आहे. चालू मशीनला कुंकू लावायचं नाही. आधी बंद करायचं, मग धुवायचं, मग पूजा. आणि एकदा पूजा झाली की उत्तरपूजेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. वर्षातून एकदा तेवढा त्याला आराम.

आजवर फ्रीझर या आरामातून सुटला होता, कारण तो सरांच्या केबिनमध्ये असायचा आणि सर स्वतःच त्याला बाहेरून गंध लावायचे. यंदा केबिनला रंग द्यायचा म्हणून फ्रीझर प्रयोगशाळेत आला. सरांनी सकाळी फर्मान सोडलं, "सांडू, एकही यंत्र सुटता कामा नये," आणि सर पेढा खाऊन घरी गेले.

सांडूमामांनी एकही यंत्र सोडलं नाही.

मी शनिवारी सकाळी आले तेव्हा मामा प्रयोगशाळेत स्टुलावर बसले होते. समोर फ्रीझर. त्याच्यावर गुलमंडीच्या बाजारातून आणलेला जरीचा लाल कपडा, दारावर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला हार, वर नारळ. प्लग काढून नीट गुंडाळून नारळाशेजारी ठेवला होता आणि त्यालाही हळदकुंकू वाहिलेलं. खालून पाण्याचा ओघळ खिडकीपर्यंत गेला होता.

"मामा, हे कधीपासून बंद आहे?"

"बुधवारी दुपारपासून," मामा म्हणाले. "आज उत्तरपूजा करायला आलो. नारळ उचलला, पानी बगितलं, तवा डोस्क्यात उजेड पडला. लई मोटी चूक झाली बग पोरी माज्या हातून."

तीन दिवस. आणि ऑक्टोबरातले तीन दिवस, वरच्या मजल्यावर, खिडक्या बंद. मी दार उघडलं तर आतून कोमट वास आला. मामा जानेवारीत निवृत्त होणार होते. बावीस वर्षांत त्यांच्या हातून मोजून दोन फ्लास्क फुटले होते आणि त्या दोन्हींच्या तारखा ते सांगू शकायचे. आता त्यांचे हात मांडीवर नुसते पडलेले होते.

"आधी बघू तरी काय मेलंय ते," मी म्हणाले.

ही तपासणी सोपी आहे. एन्झाईमला त्याचा कच्चा माल द्यायचा, थोडा वेळ थांबायचं, मग त्यात निनहायड्रिन घालून उकळायचं. सिस्टीन झालं असेल तर गुलाबी रंग येतो. नसेल तर येत नाही. या कच्च्या मालात गंधक असतं, म्हणून खोलीभर कुजक्या अंड्याचा वास सुटतो, तेवढं सोसायचं. मी सरांच्या परदेशी ट्यूबमधून एक थेंब घेतला आणि माझ्या ट्यूबमधून एक.

परदेशी थेंबाला काही रंग आला नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. माझा दोन्ही वेळा भडक गुलाबी.

मी खोटं कशाला सांगू, आधी मी नाचले. तिथंच, ओल्या फरशीवर, हातात ट्यूबचा स्टँड घेऊन. मग मामांकडे लक्ष गेलं आणि थांबले.

"तुजं जगलं ना?" मामांनी विचारलं.

"माझं जगलं. सरांचं गेलं."

"मंग मला सरांना सांगावं लागंन."

सरांचा राग मला माहीत होता. मागे एका मुलीनं सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडं ठेवलं तर त्यांनी तिला पंधरा दिवस नुसतं 'झाकणवाली' म्हणून हाक मारली होती. आणि हे तर त्यांचं लाडकं परदेशी एन्झाईम. चौकशी लागली असती, लेखी खुलासा मागितला असता, मामांच्या बावीस वर्षांच्या नोकरीवर जाता जाता डाग पडला असता. निदान मी तरी असंच सगळं मनात रंगवलं. आणि मग मला ती युक्ती सुचली.

ती सुचल्याबरोबर मला हसू आलं, हेही सांगून टाकते. मामांना वाचवायचं होतं हे खरं. पण निम्मी मजा होती. परदेशी ट्यूब रिकामी करायची, विसळायची आणि तिच्यात माझंच एन्झाईम भरायचं. सोमवारी सर सगळ्यांसमोर तिची आरती ओवाळणार आणि ते कौतुक असणार आमच्या लेंडीखताचं. तीन वर्षं मी या दिवसाची वाट पाहत होते, फक्त तो असा येईल हे माहीत नव्हतं.

"मामा, तुम्ही कुणाला एक शब्द बोलायचा नाही," मी म्हणाले. "मी बघते सगळं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या ट्यूबकडे. मी ती बेसिनवर धरून उपडी केली, तीन वेळा विसळली, आणि माझ्या निळ्या खोक्यातून तिच्यात तेवढेच थेंब भरले. शनिवारच्या तपासणीची वहीत नोंद केली नाही. मागमूस ठेवायचा नव्हता.

"बरं," मामा म्हणाले आणि फरशी पुसायला लागले.

सोमवारी सकाळी मी नवा ड्रेस घालून गेले. सर केबिनमध्ये होते, दार उघडं होतं. मी दारातूनच म्हणाले, "सर, सगळं तयार आहे."

"सगळं ठीक आहे ना?" सरांनी विचारलं. "सुट्टीत काही अडचण?"

"काहीच नाही सर."

"काहीच नाही," सर म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला. "बरं."

साडेदहाला हंबर्डे मॅडम आल्या. ठेंगण्या, केस पांढरे, हातात स्टीलची पाण्याची बाटली. वास आला तरी त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही, तेव्हाच मला त्यांची धास्ती वाटली. मी दोन रांगा लावल्या. डावीकडे परदेशी, उजवीकडे माझं. दोन्हीकडे अर्थातच माझं. उकळून झालं, दोन्ही रांगा गुलाबी झाल्या. रंग मोजायच्या यंत्रात घालून आकडे घेतले. डावीकडे शून्य पॉइंट ब्याऐंशी, उजवीकडे शून्य पॉइंट एक्क्याऐंशी.

"बघितलंत?" सर म्हणाले. "थोडं का होईना, पुढेच आहे. आणि रंग बघा मॅडम, किती स्वच्छ आहे. आपल्याकडच्याला थोडी मातकट छटा येते."

मी ओठ दाताखाली धरले. एकाच ट्यूबमधून निघालेल्या दोन भावांपैकी एकाच्या तोंडावर सरांना मातकट छटा दिसत होती.

"ही शुद्धता आपल्याला जमत नाही," सर पुढे म्हणाले. "त्यांची पाण्यापासूनच तयारी वेगळी असते. तनुजा, तुला काय वाटतं?"

"हो सर. फारच शुद्ध आहे."

दारात सांडूमामा उभे होते. ते छताकडे बघत होते.

हंबर्डे मॅडमनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या. "ठीक," त्या म्हणाल्या. "आता गरम करून दाखव."

"कोणतं मॅडम?"

"दोन्ही. तुझं म्हणणं आहे ना, की तुझं साठ अंशांना टिकतं? मग हे साधं त्याच तापमानाला मरायला हवं. फरक मला बघायचाय. आलेख नको दाखवूस."

माझ्या हातातला, थेंब मोजायचा पिपेट तिथंच थांबला. हे ठरलेल्या कार्यक्रमात नव्हतं. गरम करण्याचे आकडे प्रबंधात छापलेले होते, म्हणून मी निर्धास्त होते. मी म्हणाले की पाण्याचं भांडं तापायला वेळ लागेल. मामा दारातून म्हणाले, "तापलेलं हाय. सरांनी सकाळीच लावून ठिवायला सांगितलं व्हतं." तेव्हा मला शंका यायला हवी होती. पण मला तेव्हा नुसता घाम येत होता.

अर्धा तास दोन्ही ट्यूबा साठ अंशांच्या पाण्यात बसल्या. सरांनी मॅडमना चहा पाजला. मी घड्याळाकडे बघत देवाला विनवत होते की माझं एन्झाईम एकदा तरी मरू दे, निदान डावीकडचं. ते मेलं नाही. दोन्ही रांगा पुन्हा गुलाबी झाल्या, तितक्याच भडक.

मॅडमनी वाकून पाहिलं. मग माझा प्रबंध उघडून चौथ्या प्रकरणावर बोट ठेवलं.

"बाजारात मिळणारं साधं एन्झाईमही साठ अंशांना टिकतंय. मग तुझ्यात नवीन काय?"

मी ट्यूबांचा स्टँड उगाच मागे सरकवला.

"मला वाटतं मॅडम," सर हळूच म्हणाले, "चौथं प्रकरण काढून टाकलेलं बरं. नाहीतरी तिचं एक शतांशानं मागेच आहे. उलट या परदेशीवरच एक छोटा लेख होईल. त्याचा हा गुण कंपनीलाही माहीत नसेल." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या प्रबंधाच्या अनुक्रमणिकेवर, चौथ्या ओळीच्या सुरुवातीला टेकवलं.

ते पेन त्या ओळीवरून फिरलं असतं तर माझी तीन वर्षं गेली होती. बिस्किटाचा डबा, ती बस, सगळं एका कंपनीच्या नावावर जमा होत होतं. आणि ते मीच स्वतःच्या हातानं भरून दिलं होतं. मला संताप आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना.

"सर, थांबा," मी म्हणाले. "दोन्हीकडे माझंच आहे."

"म्हणजे?"

"परदेशी मेलं सर. फ्रीझर तीन दिवस बंद होता. मी त्या ट्यूबमध्ये माझं भरलं." आणि लगेच पुढे म्हणाले, "फ्रीझर माझ्याकडून बंद राहिला. घरी जाताना चुकून माझ्याच हातून बटण दाबलं गेलं."

"खोटं कामून बोलती पोरी?" मामा दारातून आत आले. "प्लग म्या काडला. खंडेनवमीला. तू तवा मेंढरात व्हतीस."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "एक लबाडी ट्यूबमध्ये आणि एक तोंडानं," ते म्हणाले. "दोन झाल्या, मॅडम."

हंबर्डे मॅडमना मात्र आमच्या या नाटकात काडीचा रस नव्हता. त्या एकदम ताठ झाल्या होत्या. "थांबा. फ्रीझर तीन दिवस बंद. या उकाड्यात. दोन्ही ट्यूबा आतच, शेजारी शेजारी?"

"हो मॅडम. परदेशीला रंगच आला नाही. माझ्याला आला. दोन दोन वेळा केलं."

"कधी?"

"शनिवारी."

"मग हेच तर दाखवायचं ना. यापेक्षा चांगला प्रयोग मलाही आखता आला नसता." त्यांनी हात पुढे केला. "आण ती मेलेली. आत्ता माझ्यासमोर कर."

मी बेसिनकडे पाहिलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"ओतून दिली मॅडम."

"सगळी?"

"तीनदा विसळली."

"वहीत आकडे?"

"लिहिले नाहीत."

मॅडमनी हात मागे घेतला. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या बाटलीतलं पाणी प्यायल्या, मग त्यांनी झाकण लावलं आणि शांतपणे निर्णय सांगितला. चौथं प्रकरण आज मंजूर नाही, नामंजूरही नाही. परदेशी एन्झाईम पुन्हा मागवायचं. दोन्ही ट्यूबा चौतीस अंशांवर तीन दिवस ठेवायच्या, प्रत्येक आकडा वहीत, खाली दोघांच्या सह्या. पुढची बैठक सहा महिन्यांनी. जाताना त्या मला म्हणाल्या, "तुझं एन्झाईम तुझ्यापेक्षा भरवशाचं आहे."

त्यांची गाडी गेल्यावर प्रयोगशाळेत आम्ही तिघंच उरलो. कुजक्या अंड्याचा वास अजून रेंगाळत होता. मी सरांच्या ओरडण्याची वाट बघत होते. सर स्टुलावर बसले.

"सांडू काल सकाळी माझ्या घरी आला होता," ते म्हणाले.

मी मामांकडे वळले. मामा नळ्या गोळा करत होते.

"म्हणाला, माझ्या हातून फ्रीझर बंद राहिला, काय ते लिहून घ्या. मी विचारलं, सगळं गेलं? तर म्हणाला, तुमचं गेलं, तिचं नाय गेलं. मला पटलं नाही. त्याला स्कूटरवर मागे बसवून इथं आलो आणि स्वतः तपासलं. बघतो तर दोन्ही गुलाबी. मेलेलंसुद्धा गुलाबी. तेव्हा कळलं तू काय केलंयस ते."

"मग तेव्हाच का नाही बोललात सर?"

"कारण मी सांडूला म्हटलं, ती उद्या सकाळी येऊन सांगेल. पैज नव्हती लावली, पण म्हटलं." सरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते निराळेच दिसतात, थकलेले. "तीन वर्षं मी तुझ्या आकड्यांवर विश्वास ठेवला नाही. तीन दिवस वीज नसताना ते टिकलं, हे बघून मला काल रात्री धड जेवण गेलं नाही. आज नऊ वाजल्यापासून केबिनचं दार उघडं टाकून बसलो होतो. तू येशील, म्हणशील सर, फ्रीझर बंद होता, तुमचं मेलं आणि माझं टिकलं. मग मी तुझी माफी मागणार होतो. चांगली लांबलचक. कागदावर मुद्देसुद्धा काढले होते."

तू आलीस आणि म्हणालीस काहीच अडचण नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला ते तसंच ऐकू आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते बाहीनं पुसलं. मी मामांना वाचवायला गेले होते. मामा तर स्वतःच्या पायांनी चालत जाऊन मोकळे झाले होते. ज्याची भीती धरून मी सगळं केलं तो माणूस कागदावर मुद्दे काढत बसला होता. दोघांनाही मी एका शब्दानं काही विचारलं नव्हतं.

"सर, ती माफी..." मी म्हणाले.

"साडेदहा वाजत आले, मॅडमची गाडी यायची वेळ झाली, तरी तू काही परत आली नाहीस. तयार केलेलं वाया कशाला घालवायचं? सांडूला ऐकवली." सर उठले आणि चष्मा लावून केबिनकडे निघाले. जाता जाता म्हणाले, "नव्या ट्यूबची ऑर्डर तू भर. आणि नोंदवहीत आजची तारीख घाल आधी."

दार लागलं. मामांनी नळ सोडला आणि एकेक नळी धुवायला घेतली. बेसिनमधून गुलाबी पाणी चाललं होतं.

"मामा," मी म्हणाले, "मी तुमच्यासाठी केलं होतं हो."

"ठाव हाय. पर मला इचारायचं तरी. म्या काय लहान लेकरू व्हतो?"

मी त्यांच्या शेजारी उभी राहून धुतलेल्या नळ्या पालथ्या घालायला लागले.

"काय म्हणाले सर? माफीत?"

"लई चांगलं बोलले," मामा म्हणाले. "तुज्या बापाचं नाव घेतलं, मेंढरायचं घेतलं. माज्या डोळ्यात पानी आलं बग."

"म्हणजे नेमकं काय?"

मामांनी नळ बंद केला, हात पंच्याला पुसले.

"ते तुजं व्हतं. म्या कसं सांगू? सा महिन्यांनी त्यांच्याच तोंडून ऐक."